उलट्या बाजूचं करडू

मास्तर,

परवा एका कॉलेजच्या प्राचार्यबाईंचा फोन आला. शुक्रवारी त्यांच्या मुलींसमोर वीस मिनिटं बोलायचं आहे, विषय ‘आपली सर्जनशीलता कशी फुलवावी’. मी म्हटलं, बाई, मी चादरीवरची डिझाइनं काढते, फुलवण्याबिलवण्यातलं मला काय कळतंय? तर त्या म्हणाल्या, “तेच तर हवंय मॅडम! प्रॅक्टिकल बोला, मुलींना टिप्स द्या.” नाही म्हणायला मला कधीच जमलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. हो म्हणून बसले आणि तेव्हापासून वही उघडून टिप्स काढतेय. पहिली ओळ लिहिली, रोज सराव करा. दुसरी लिहिली, स्वतःला ओळखा. वाचून माझी मलाच जांभई आली. तिसरी ओळ लिहायला घेतली तेव्हा लक्षात आलं की हे सगळं तुमच्याकडून आलेलं आहे, आणि तुम्ही त्यातलं एक अक्षरही असं कधी बोलला नव्हतात. तुम्ही दिवसभरात बोलायचात ते चार-पाच शब्द, त्यातला एक ‘पुढं’ आणि एक ‘चहा’. म्हणून वही बाजूला सारली आणि तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. उत्तराची काही घाई नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा वीस वर्षांची होते. तुम्ही डिझाइनं काढायचात त्याच चादरींच्या कारखान्यात अप्पा मागावर होते. दुधनीकडचं गाव सोडून ते सोलापूरच्या पूर्व भागात आले त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्यांनी मला तुमच्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, “पोरीचा हात लई बरा हाय मास्तर. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालीय.” तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलंत, जणू तो वेगळा आला होता. मागांच्या वरच्या मजल्यावरची ती आपली खोली. खाली माग चालू झाले की टेबल थरथरायचं आणि बशीतला कप आपोआप काठाकडे सरकायचा. टेबलावर बारीक चौकोनांचा तो ग्राफचा कागद. एकेका चौकोनाला आपण घर म्हणायचो. घर भरलं की तिथं पांढरं सूत वर येणार, रिकामं ठेवलं की रंगीत. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या मागावर चढवायच्या, की माग आपलं चित्र विणत सुटायचा. माझ्या घरी कन्नड, तुमच्या घरी तेलुगू. मराठी आपण दोघंही बाहेरून आणलेली. तुम्ही तिचे पाय मोडायचात, मी हात. पण भांडताना आपलं कधी अडलं नाही.

पहिले सहा महिने मी तुमच्या मोरांची घरं भरली. एकही घर चुकलं नाही आणि त्याचा मला इतका माज चढला की एक दिवस मी न राहवून विचारलं, “मास्तर, कसं झालंय?” तुम्ही चष्मा वर केलात. “बरं झालंय. मोर माझा हाय.” बस, एवढंच. मला झोंबलं. मी महिनाभर घरी खपून माझं स्वतःचं डिझाइन आणलं: तळ्यात दोन हंस, माना एकमेकींत अडकवलेले, भोवती गुलाबाची वेल. आणलं ते साडीच्या पिशवीत गुंडाळून, कुणाची नजर लागू नये म्हणून. तुम्ही ते टेबलावर पसरलंत, बराच वेळ बघितलंत. मी रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले. मग तुम्ही खाली वाकलात आणि टेबलाखालून तुमचा पेनं ठेवायचा डबा काढून त्या कागदाशेजारी ठेवलात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यावर तेच तळं, तेच हंस, तीच वेल. आमच्या घरी त्याच डब्यात आई हळकुंडं ठेवायची. अर्ध्या सोलापुरात तो डबा असेल, पण माझ्या मनात मात्र तो आमच्या एकट्यांचा होता.

मी रडायच्या बेतात होते आणि तुम्ही हसत होतात. तुम्ही इतके हसलात की खालून कुणीतरी वर येऊन बघून गेलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणालात, “चोरी केलीस त्याचं काय न्हाय. सगळेच करत्यात. पण डब्यावरनं करावी व्हय गं?” आणि मग एक कोरा ग्राफ घेऊन त्याचे तुकडे कापलेत. एका तुकड्यात वीस घरं आडवी, वीस उभी. घरापासून कारखान्यापर्यंत येताना वाटेत जे दिसेल त्यातलं एक रोज त्या वीस घरांत बसवायचं. कामाला लागायच्या आधी, अर्ध्या तासात. खाडाखोड नाही, दुसरा कागद नाही. संध्याकाळपर्यंत तो कागद तुमच्या टेबलावर. “आन जवा तुझं डिझाइन तुझं दिसंल, तवा मागावर चढवीन. तवर माझे मोर भर.” माझं आयुष्य त्या दिवशी त्या वाक्यावर टांगलं गेलं. मला दुसऱ्यांचे मोर भरत म्हातारी व्हायचं नव्हतं, मास्तर. आणि तेच होईल अशी मला फार भीती वाटत होती.

सुरुवातीला किती कंटाळा केला म्हणून सांगू! वीस घरांत काय बसतं? पेरूची गाडी काढली तर ती पलंगासारखी दिसे. म्हैस काढली, तर तुम्ही विचारलंत, “हे कुठलं पोतं?” शिवाय रोज सकाळी डोकं चालत नसे. मग मी एक युक्ती केली. रविवारी दुपारी बसून सहा कागद एकदमच करून टाकले आणि रोज एक देत गेले. दोन आठवडे सुरळीत गेलं. तिसऱ्या आठवड्यातला बुधवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी कागद ठेवते. त्यावर फुगेवाला आहे, काठीला सात फुगे, छान जमलेला. तुम्ही विचारता, “कुटं दिसला?” मी म्हणते, “नव्या पेठेत, मास्तर. कोपऱ्यावर.” तुम्ही मान हलवता, चहाचा घोट घेता. “नव्या पेठेपासनं मी तुझ्या मागंच हुतो की.” मी कागद सरळ करते. “फुगेवाला न्हवता. तू सारी वाट खाली बघून चालत हुतीस. उजव्या चपलेचा अंगठा तुटलाय तुझा. पाय फरफटत, निऱ्यांनी झाकत चाललीस.” मी टेबलाखाली पाय ओढून घेतला. तुमच्या आवाजात राग नव्हता, उलट कुतूहल होतं. “एवढं नवं काय तरी घडलं आज, आन तू फुगे काढलेस? ते चप्पल काढ की!”

मी रागाने काढली. वीस घरांत तुटका अंगठा, त्याला लावलेली सेफ्टी पिन आणि पिनेला टेकलेलं बोट. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. तुम्ही तो कागद घेऊन खिडकीपाशी गेलात आणि नेहमीसारखं ‘पुढं’ म्हणाला नाहीत. “हे तुझं हाय,” म्हणालात. “जे लपवतीस ना, ते काढत जा. दिसतंय ते सगळ्यांनाच दिसतंय.” त्या दिवशी मी घरी जाताना मुद्दाम पाय फरफटवत गेले, असा मला आनंद झाला होता.

मग सराव असा काही लागला की विचारू नका. वर्षानुवर्षं, रोज एक. त्यातले बहुतेक वाईट होते आणि तेही तुम्ही गठ्ठे बांधून ठेवायचात. एकदा मी वैतागून म्हटलं, दहातले नऊ भिकार होतात, मग उपयोग काय? तुम्ही म्हणालात, “बोअर मारल्यावर पहिलं गढूळच येतंय. म्हणून काय मशीन बंद करतोस व्हय?” घाईत बोललात की मुलगा असो मुलगी असो, सगळ्यांना तुमचं एकच क्रियापद. शनिवारी अर्धा दिवस सुटी झाली की तुम्ही मला घरी जेवायला न्यायचात. तुमच्या बायकोचं, अम्मांचं, ते स्वयंपाकघर, भिंतीला टेकून बसायचं, ताटात चिंचेचा पिवळा भात आणि सोलापूरचीच म्हणून शेंगाची चटणी. दारात अम्मांची रांगोळी. ठिपक्यांभोवती ती रेघ अशी फिरायची की सुरुवात कुठे झाली ते कळू नये, आणि रोज नवी. मी एकदा विचारलं, “अम्मा, रोज नवीन सुचतं तरी कसं?” त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, “सुचतंय कुटलं? कालची विसरतोय मी.” तुम्ही भाताचा घास तोंडात धरूनच म्हणालात, “ऐक. कारखान्यात मी मास्तर. घरात हे.” अम्मांनी तुमच्या ताटात आणखी भात वाढला. मी आजही डिझाइन करताना जुनी फाइल उघडत नाही, ते अम्मांमुळे.

लपवलेलं काढायची एकदा सवय लागली की एकेक बाहेर येऊ लागतं. माझं सगळ्यांत जास्त लपवलेलं काय होतं, तर शेरडं. आम्ही गाव सोडलं तोवर आमच्याकडे शेरडं-मेंढरं होती. थंडीत नवी करडं आमच्याबरोबर घोंगडीखाली निजायची. सोलापूरच्या शाळेत पहिल्या दिवशी एक मुलगी नाक धरून म्हणाली, “शेळीचा वास येतोय.” त्यानंतर शाळा सुटेपर्यंत मी कुणाला गावचं नाव सांगितलं नाही. तुमच्या त्या वीस घरांत एक दिवस मी करडू काढलं. वाटेत दिसलेलं नव्हतं, तरी तुम्ही हरकत घेतली नाहीत. मग पुढचे कित्येक आठवडे करडंच. उडी मारणारं, कान पाडलेलं, आईच्या पोटाखाली घुसलेलं. तुमच्याकडे येऊन सात वर्षं झाली होती तेव्हा. एका सोमवारी तुम्ही तो गठ्ठा माझ्यापुढे टाकलात. “मोठ्या कागदावर घे. मागावर चढवू.”

मी दोन महिने खपले. गडद निळ्या चादरीवर पांढरी करडं, टपोऱ्या निळ्या डोळ्यांची, चादरभर हुंदडतायत. पट्ट्या पाडल्या, मागावर चढल्या. अप्पा त्या दिवशी आपला माग सोडून तिथं उभे होते. चादर उतरली, सगळे वा वा म्हणाले. मालकांच्या आईंनी ती हातात घेतली, चांगली चांगली म्हणत उलटी केली आणि घाबरून टाकून दिली. आपली चादर दोन्ही बाजूंनी दिसते, एका बाजूला जे पांढरं ते दुसऱ्या बाजूला निळं. हे तर मी पहिल्या दिवसापासून शिकलेले. मोराला चालतं, फुलाला चालतं. पण माझ्या करडांचे डोळे! उलट्या बाजूला निळीशार करडं आणि त्यांचे डोळे पांढरेफटक, उघडे, टक लावून बघणारे. “अगं बाई, भुतं हायत की ही!” आजी म्हणाल्या. “असलं पांघरून कोण झोपंल?” सात वर्षं ग्राफ भरलेल्या बाईनं उलटी बाजू बघितली नव्हती, कारण सरळ बाजूवर ती इतकी खूश होती. कारखान्यात महिनाभर मला बघितलं की कुणीतरी डोळे वटारून ‘ब्यां’ करायचं. आज हसू येतं. तेव्हा वाटलं, संपलं. सात वर्षांनी एक संधी आली आणि मी तिचं भूत केलं.

मी रोजचा कागद बंद केला. तुम्ही मागितलाही नाहीत. आठवड्यानं मी तुमच्या घरी काहीतरी निरोप द्यायला आले, तर दोरीवर माझी चादर वाळत घातलेली. अम्मा म्हणाल्या, “रोज तेच घेतोय त्यांनी. भूत वर करून.” तुम्ही आतून ओरडलात, “लई चांगली झोप लागती. चोर आला तर पळून जाईल.” मी हसले, किती दिवसांनी. मग तुम्ही बाहेर येऊन दोरीवरची ती चादर चाचपलीत आणि म्हणालात, “सरळ बाजू पाव्हण्याला दाखवायला असती. अंगाला लागती ती उलटी. तिकडनं बघ आता.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत वीस घरांचा कागद कापून घेतला.

त्यानंतर काही महिन्यांत तुमचं दुखणं सुरू झालं. तुम्ही खोलीत यायचे थांबलात, मी कागद घरी आणून द्यायचे, तुम्ही पडल्या पडल्या बघायचात. करडं निजवायची हे मला सुचलं होतं. डोळे मिटलेले असले की दोन्ही बाजूंनी एक रेघच राहते, एकीकडे निळी, एकीकडे पांढरी, आणि रेघेला कुणी घाबरत नाही. मिटलेली पापणी म्हणजे सात-आठ घरांची पायरी. सुचायला सोपं होतं, जमेना. टोकाचं घर एक वर घेतलं तर करडू मिस्कील हसतंय असं दिसायचं. एक खाली घेतलं तर मेलेलं. झोपलेलं काही दिसेना. तुम्हाला दाखवलं तर तुम्ही म्हणायचात, “पुढं.” शेवटी शेवटी तेही हातानंच.

आता ते निजलेल्या करडांचं डिझाइन तुम्ही बघायला हवं होतंत, असं मी लोकांना सांगते. पंचवीस वर्षं झाली, अजून विकलं जातं. कारखान्यात कॉम्प्युटर आले, ग्राफ गेले, पट्ट्या गेल्या. आता तर नुसतं ‘करडू’ असं टाइप केलं की मशीन मिनिटाभरात चाळीस करडं काढून देतं, आणि खरंच चांगली काढतं. मालकांच्या नातवानं ती दाखवली तेव्हा पहिल्यांदा मी धास्तावले, तुमच्यापुढे हंस पसरले होते तेव्हासारखी. मग घरी आले, वीस घरांचा कागद घेतला आणि त्या दिवशीचं जे दिसलं ते काढलं: धास्तावलेली मी. भिकार आलं. दुसऱ्या दिवशी दुसरं काढलं. लहान मुलांसाठीचं करडांचं पांघरूण बारशाला म्हणून अजूनही लोक मागून नेतात, आणि मला त्याचंच नाव आहे. शुक्रवारी प्राचार्यबाई माझी ओळख करून देतील तीही तीच, करडांवाल्या बाई. मी मुलींना सांगेन बिस्किटाच्या डब्याचं, चपलेचं, भुताचं. हसतील. मी खूप हसवेन त्यांना. रोज एक कागद करा म्हणून सांगेन, निम्म्याजणी तरी रविवारी सहा करून ठेवतील.

एक मात्र मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला निरोप आला. अप्पा दारातून म्हणाले, “मास्तर गेले. चल.” मी म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे, आलेच मी.” पुढ्यात कागद होता आणि मी त्या पापणीवर बसले होते. मला उठायचं होतं. मी पेन खाली ठेवलंही. पण शेवटच्या घराच्या आधीचं एक घर रिकामं सोडून बघावं असं वाटलं, नुसतं बघावं, आणि करडू झोपलं. असं झोपलं की त्याचा श्वास ऐकू येईल. मग दुसऱ्याला तसंच केलं, मग तिसऱ्याला, मग सगळ्या कळपाला. हात थांबेना. मान वर केली तेव्हा दुपार झाली होती. मी धावत तुमच्या घरी आले, तर तुम्हाला नेलं होतं. अंगणात पाणी मारलेलं, बायका भिंतीला टेकून बसलेल्या. अम्मांनी विचारलं, “सकाळपासनं कुटं हुतीस गं?” मी म्हटलं, “ताप होता, अम्मा.” त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. हात त्यांनी तसाच ठेवला, आणि मला शेजारी बसवून घेतलं. मग मी जी रडायला लागले ती कित्येक दिवस.

पुढे अम्माही गेल्या. तापाचं मी सगळ्यांना सांगत राहिले आणि सांगून सांगून ते जवळजवळ खरं झालं. हे पत्र लिहिताना वाटत होतं की मी तुमची माफी मागेन. आता इथवर आले, तर मागवत नाही. तुमचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं याचं मला फार वाईट वाटतं, आजही वाटतं. पण ते तीन-चार तास मला परत दिले, तरी मी उठणार नाही, मास्तर. इतकी सुखी मी आयुष्यात नंतर कधी झाले नाही.